सांधा कोणी बदलायचा?

भुसावळात मे महिन्यात कट्ट्यावर बसायचं तर आधी फरशीवर पाणी मारावं लागतं. ते झालं, कटिंग आली. यावलचे आप्पा तापलेलेच होते. त्यांची निसवलेली केळीबाग वाऱ्याने झोपवली होती. "चंद्रावर जाता, अन् वादळाचा जोर उतरवता येत नाही?"

"आप्पा, तुमचा वारा वळवाचा," गणिताचे सर म्हणाले. "चक्रीवादळावर अमेरिकेने १९६२ ते १९८३ प्रयोग केले, स्टॉर्मफ्युरी नावाने. विमानातून सिल्व्हर आयोडाइड फवारायचं. १९६९ मध्ये डेबी वादळाचा वारा एका दिवशी ३१ टक्के उतरला. नंतर कळलं, वादळाच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत अधूनमधून आपसूक बदलते, तेव्हाही वारा असाच उतरतो."

"म्हणजे भगताकडे नेलं अन् ताप उतरला!"

ताकदीने तर जमणारच नाही. वादळात सुटणारी उष्णता म्हणजे दर वीस मिनिटांना दहा मेगाटनचा एक बॉम्ब. मग गणित काय दिवे लावणार, मी विचारलं.

उत्तर नानांनी दिलं. रेल्वेत सांधेवाले होते. "भो, इथून एक लाइन खंडव्याला जाते, एक अकोल्याला. सांध्याचा रूळ चार-पाच बोटं सरकला की इटारसीची गाडी नागपूरला."

सर खूश. "अगदी हेच! हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झने १९६१ मध्ये ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ टाकलं, तर संगणकातलं पुढचं हवामानच निराळं आलं. रॉस हॉफमन या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने ते उलटं धरलं. वादळ पुढे कुठे हवंय ते ठरवा, अन् त्यासाठी आज हवेत कमीत कमी काय बदलावं लागेल ते गणिताने काढा. १९९२ चं इनिकी वादळ त्याने संगणकात हवाईतल्या काउआई बेटावरून बाजूला काढलं. फक्त तो 'कमीत कमी' बदलही केवढ्या तरी समुद्रावरची हवा तापवण्याइतका निघतो. तरी जपानने वादळं आवरायला २०५० चं लक्ष्य ठेवलंय."

"सांधा बदलला की मी वहीत सही करायचो," नाना म्हणाले. "इथे सही कोणाची?"

सर जरा थांबले, मग सांगू लागले. १९४७ मध्ये अटलांटिकवरच्या एका वादळात अमेरिकेने विमानातून कोरडा बर्फ टाकला होता; ते वळून जॉर्जियात सव्हानाजवळ धडकलं. ते आधीच वळू लागलं होतं असं पुढे निघालं, पण प्रयोगवाल्यांना शिव्या बसायच्या त्या बसल्याच.

"बरोबरे," नाना म्हणाले. "अलिबागचं वादळ उद्या गुजरातेत ढकललं, तर तिथला पंचनामा कोण करणार?"

यावर सरांकडे समीकरण नव्हतं. आप्पा तोवर फोनवर गजराज गवताच्या ठोंबांचा भाव विचारत होते, बागेच्या पश्चिमेच्या बांधाला लावायला.