पडदा पूर्ण आहे, रक्त हृदयाबाहेर मिसळतं: अ‍ॅलिगेटरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

‘हृदयाला चार कप्पे असतील तर शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळत नाही. मिसळत असेल तर चार कप्पे नाहीत. तुमच्या लेखात दोन्ही विधाने आहेत.’ सर, तुमच्या प्रतिक्रियेतला हा मुद्दा सगळ्यात नेमका, म्हणून आधी तोच घेते. पोटातल्या आम्लाची गोष्ट तुम्हाला रचलेली वाटली आणि पक्ष्यांसारखा श्वास अतिशयोक्त वाटला, त्याबद्दल पुढे लिहिते.

दोन्ही विधानं खरी आहेत. तुम्ही वर्गात शिकवत आलात तसाच, मगरीचा भाऊबंद असलेल्या अ‍ॅलिगेटरच्या दोन जवनिकांमधला, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला, पडदा पूर्ण असतो. पालीसारखा अर्धवट नाही. फरक आहे तो हृदयातून निघणाऱ्या नळ्यांमध्ये. आपल्या उजव्या जवनिकेतून एकच वाट निघते, फुप्फुसांकडे जाणारी. अ‍ॅलिगेटरच्या उजव्या जवनिकेतून दोन निघतात: फुप्फुस धमनी आणि डावी महाधमनी. उजवी महाधमनी मात्र डाव्या जवनिकेतून निघते. या दोन्ही महाधमन्या हृदयाच्या तोंडाशीच एकमेकींना चिकटून जातात आणि तिथे त्यांच्यामधल्या भिंतीत एक छिद्र असतं. इटलीच्या बार्तोलोमेओ पानिझा यांनी १८३३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते पानिझाचं छिद्र. सांगलीला कृष्णेत दिसणाऱ्या आपल्या मगरीतही ते आहे.

शेतात दारं धरलेल्या माणसाला पुढचं पटकन कळेल. एरवी डाव्या जवनिकेचा दाब जास्त असतो. त्यामुळे डाव्या महाधमनीच्या मुळाशी असलेली झडप मिटलेली राहते आणि त्या नळीला छिद्रातून ऑक्सिजनयुक्त रक्त मिळतं. पण फुप्फुस धमनीच्या मुळाशी गाठीगाठींची एक झडप आहे. तिचे उंचवटे दातेरी चाकांसारखे एकमेकांत बसतात. ती आवळली की फुप्फुसांची वाट अरुंद होते, उजव्या जवनिकेतला दाब चढतो आणि तिथलं रक्त डाव्या महाधमनीत वळतं. एका सरीचं तोंड मातीनं बुजवलं की पाणी दुसरीत शिरतं, तसंच.

आणि हे दार प्राण्याच्या ताब्यात आहे. क्रेग फ्रँकलिन आणि मायकेल अ‍ॅक्सेलसन यांनी २००० मध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या हृदयावर दाखवलं की अ‍ॅड्रेनलिन मिळालं की ही झडप सैल पडते आणि रक्त पुन्हा फुप्फुसांकडे जातं. म्हणून तुमचा ‘अर्धवट उत्क्रांत हृदय’ हा शब्दप्रयोग मला मनापासून अमान्य आहे. बुडी मारून पडून राहायचं असेल, तर हवा न बदलणाऱ्या फुप्फुसांकडे सगळं रक्त कशाला पाठवायचं? आपल्या हृदयाला ही निवड करताच येत नाही. सस्तन प्राणी हे शिडीचं टोक मानलं, की बाकी सगळे प्राणी अपुरेच दिसू लागतात.

आता आम्ल. इथे तुमचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. डाव्या महाधमनीतलं बरंचसं रक्त जठराकडे आणि आतड्यांकडे जातं. ते कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असतं आणि जठराच्या पेशींना आम्ल बनवायला तोच लागतो. युटा विद्यापीठाच्या कॉलीन फार्मर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं की शस्त्रक्रियेने ही वाट बंद केलेल्या अ‍ॅलिगेटरमध्ये आम्ल कमी स्रवतं आणि हाडं पचायला वेळ लागतो. तेव्हा गोष्ट रचलेली नाही. पण २०१० मध्ये दुसऱ्या गटाने अशीच वाट बंद केलेली पिल्लं वाढवली, तर त्यांची वाढ इतरांसारखीच झाली. ‘पचनासाठीच ही सोय आहे’ असं मी ठामपणे लिहायला नको होतं. ते आज बदललं आहे.

श्वासाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. आपल्या फुप्फुसांत हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेने परत जाते. फार्मर आणि केंट सँडर्स यांनी २०१० मध्ये अ‍ॅलिगेटरच्या फुप्फुसातल्या नळ्यांत प्रवाह मोजणारी उपकरणं बसवली. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना हवा त्या नळ्यांतून एकाच दिशेने वाहत होती. पक्ष्यांत हेच घडतं. पक्ष्यांसारखे वायुकोश, म्हणजे फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या, अ‍ॅलिगेटरला नाहीत, हे लेखात राहून गेलं होतं. तेवढं वाक्य जोडलं आहे. नंतर असाच एकेरी प्रवाह आपल्या घोरपडीच्या आफ्रिकी भाऊबंदांतही सापडला, म्हणजे ही पद्धत पक्ष्यांहून कितीतरी जुनी असण्याची शक्यता आहे.

हृदयाची आकृती नव्याने काढते आहे, दोन्ही महाधमन्या वेगवेगळ्या रंगांत. टाकण्याआधी तुम्हाला पाठवते. वर्गातल्या मुलांना ती कुठे अडेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.