लॉर्ड लोव्हॅटचं डोकं कशापायी गेलं?

‘विधवेशी जबरदस्तीने लग्न करून जहागीर लाटली, म्हणून स्कॉटलंडच्या लॉर्ड लोव्हॅटचा शिरच्छेद झाला’ असा मजकूर फिरतोय. ही दोन प्रकरणांची खिचडी आहे.

भाऊबंदकीत सायमन फ्रेझरने (हाच पुढचा लॉर्ड लोव्हॅट) १६९७ मध्ये तसं लग्न लावलं, हे खरं. पण जहागीर कुठली मिळायला! बाई बड्या मरे घराण्यातली. तिच्या माहेरच्यांनी त्याला परागंदा केलं. किताब मिळाला १७३० मध्ये, तोही कोर्टातून. शिरच्छेद मात्र जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांच्या) बंडातल्या राजद्रोहाबद्दल, ९ एप्रिल १७४७ ला लंडनच्या टॉवर हिलवर. म्हातारा तेव्हा ऐंशीच्या आसपास होता. बघ्यांनी गच्च भरलेला मचाण कोसळून कित्येक जण त्याच्याआधीच गेले.

स्कॉटलंडमधल्या वॉर्डलॉच्या दफनगृहात त्याची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शवपेटीतला सांगाडाही त्याचा नव्हे. तपासणीनंतर २०१८ मध्ये तो तरुणीचा असल्याचं जाहीर झालं.