टीएसएच ५.८ आलं म्हणून लगेच आयुष्यभराची गोळी? त्या फिरत्या मेसेजला उत्तर

सध्या जळगाव-भुसावळपासून पार शिरपूर-नंदुरबारपर्यंतच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हणे थायरॉइडच्या रक्ततपासणीतलं टीएसएच ४ च्या वर गेलं की थायरॉइड झालाच, गोळी चालू करा ती आयुष्यभर. व्हिटॅमिन डी ३० च्या खाली म्हणजे हाडं पोकळ, सहा लाख युनिटचं इंजेक्शन घ्या. दोन्हीचं मूळ आयोडीनचं मीठ, ते फेका आणि सैंधव आणा. सकाळी सातचं कोवळं ऊन घ्या. आणि सगळ्यात शेवटी, धण्याचं पाणी प्या, २१ दिवसात गोळी सुटेल. अहो, वर आयुष्यभर आणि खाली २१ दिवस, लिहिणाऱ्याने पाठवायच्या आधी एकदा वाचलं तरी असतं!

मी डॉक्टर नाही, मेडिकलवर बसतो. पण हा मेसेज दाखवून लोक काउंटरवर परस्पर गोळी मागायला लागलेत म्हणून लिहितोय.

पहिलं टीएसएच. हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला काम कर म्हणून जी ऑर्डर सोडते ती म्हणजे टीएसएच. खरं हार्मोन टी-फोर. टीएसएच थोडं वर, म्हणजे ५-६-७, आणि फ्री टी-फोर (रक्तात मोकळा फिरणारा टी-फोर) नॉर्मल असेल तर थायरॉइड ग्रंथी काम करतेय, फक्त तिला जरा जास्त ढकलावं लागतंय. याला सबक्लिनिकल म्हणतात. बरं हा आकडा स्थिरही नसतो, रात्री आणि पहाटे चढतो, दुपारी उतरतो, मोठ्या आजारातून उठल्यावर काही दिवस वर राहतो. म्हणून डॉक्टर सहसा दोन-तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतात, सोबत फ्री टी-फोर आणि अँटी टीपीओ (थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीची टेस्ट), आणि बऱ्याच जणांचं तोपर्यंत आपोआप खाली आलेलं असतं. १० च्या वर राहिलं तर बहुतेक वेळा गोळी देतात, त्याखाली वय, लक्षणं, अँटीबॉडी बघून ठरतं.

२०१७ साली ६५ च्या वरच्या ७३७ लोकांवरचा एक अभ्यास छापून आला, सगळ्यांना हाच सौम्य प्रकार, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी. वर्षभराने थकवा, सुस्ती कशातच फरक नाही. आणि वय वाढलं की टीएसएच तसंही थोडं वर सरकतं, त्यामुळे पंचाहत्तरीच्या आप्पांचं ६ आलं म्हणून घर डोक्यावर घेऊ नका. उलट गरज नसताना किंवा जास्त डोस गेला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे एका आकड्याच्या भीतीने घेतलेली गोळी दुसरी भीती खरी करणार.

(हे वाचून चालू असलेली गोळी कोणी बंद करू नका रे भो. ज्यांचं टीएसएच ३०-४० होतं, टी-फोर खाली होता किंवा ग्रंथीच काढलीये त्यांना ती लागतेच.)

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही पण असायला हवी होती. केस गळतात म्हणून ज्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतात ना, त्याने काही मशीनवर थायरॉइडचे आकडे चक्क चुकीचे येतात, टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटा जास्त. रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा. आणि फुल बॉडी पॅकेजमध्ये काहीतरी ठळक अक्षरात येणारच, कारण नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट धडधाकट माणसाच्या केल्या तरी एखादी रेंजबाहेर जायची शक्यता ६४ टक्के निघते, हिशोब करून बघा.

आता डी. ३० चा आकडा दगडावरची रेघ नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका समितीने २० पुरेसं म्हटलं, त्याच वर्षी तिथल्या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने ३० म्हटलं, लॅबवाल्यांनी ३० छापलं. त्याच संघटनेने २०२४ मध्ये तो ३० चा आग्रह सोडला आणि धडधाकट माणसाची सरसकट टेस्टच नको म्हटलं. म्हणजे २४ आलं तर हाडं पोकळ बिकळ काही नाही. ८-९ आलंय, मांड्या दुखतात, खाली बसलं की उठवत नाही, तर मात्र उपचार हवेतच. आपल्याकडे साधारण ६० हजार युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी देतात. आठवड्यातून एकदा! रोज घेणारे लोक असतात म्हणून ठासून सांगतोय, हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, साठतं, आणि कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, शेवटी किडनी. सहा लाखाच्या इंजेक्शनबद्दल एवढंच सांगतो की ऑस्ट्रेलियात दोन हजारांवर म्हाताऱ्या बायकांवरचा अभ्यास २०१० ला आला, निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस तोंडाने दिला, तर त्यांच्यात पडणं आणि फ्रॅक्चर वाढले.

कोवळं ऊन. ४५ डिग्रीच्या गावात डी कमी कसं, हे सगळे विचारतात. अहो उन्हाळ्यात आपण उन्हात असतो कुठे? स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून स्कूटी, नाहीतर गाडीच्या काचेआड, आणि डी बनवणारे किरण काचेतून येत नाहीत. तापमानाशी त्याचा संबंध नाही, सूर्य किती वर आहे त्याच्याशी आहे. सकाळी सातला तो इतका तिरका असतो की ते किरण जवळपास पोहोचतच नाहीत. साधी खूण, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड हवी. जळगावात मे महिन्यात साडेनऊलाच तशी होते, थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उभं राहा आणि घरात या, दुपारच्या झळांत जायची गरज नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारी सावली जेमतेम आपल्याएवढी असते, तेव्हा बाराच्या आसपास बसा.

सैंधवात नावापुरतंच आयोडीन असतं आणि टी-फोर बनतो आयोडीनपासूनच. कच्चा माल बंद केल्यावर ग्रंथी सुधारेल कशी? उलट स्वतःच्या मनाने आयोडीनच्या गोळ्या खाणंही तितकंच वाईट. घरातलं नेहमीचं मीठ चालू द्या.

धण्याचं पाणी प्या, आवडत असेल तर. पण ५.८ चं ३.९ झालं की लोक श्रेय त्यालाच देणार, आणि वर सांगितलंच की बऱ्याच जणांचं काही न करताही खाली येतं. असे मेसेज टिकतात ते यामुळेच.

आता अपवाद. ज्यांना दिवस गेलेत किंवा प्लॅनिंग चालू आहे त्यांनी ते दोन-तीन महिने थांबायचं वगैरे करायचं नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं आणि तेव्हाची रेंजही वेगळी, त्यामुळे रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरकडे. गोळी सुरू झालीच तर सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने, आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही.