मागनी काय हाय, गुरुजी?

परवा मी गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढलो. कारण साधंच. दुपारी दोनला ऑनलाइन प्रशिक्षण होतं, विषय ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’, आणि आमच्या गावात प्रभावी नेटवर्क फक्त टाकीच्या पंचविसाव्या पायरीवर येते. पूर्वी दीक्षा घ्यायला लोक हिमालयात जात. २०१७ साली शिक्षणासाठीचं सरकारी ‘दीक्षा’ ॲप आलं, तेव्हापासून आम्ही टाकीवर जातो.

पण विदर्भात टाकीवर माणूस कशासाठी चढतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

“काऊन चढले जी गुरुजी? पगार नाई झाला का?” खालून आबाजी ओरडले. बकऱ्या तशाच सोडून आले होते.

“मीटिंग आहे आबाजी!”

“मीटिंग टाकीवर असते का कुठं? जिवाचं काई करू नोका! पोट्ट्याइले शिकवन कोन मंग? मागनी काय हाय ते सांगा, सरपंचाले बलावतो!”

मी हातानेच गप्प बसायची खूण केली. त्यांना ती निरोपाची वाटली असावी. सत्तरीचा म्हातारा धोतराचा सोगा खोचून वर आला आणि माझं मनगट धरून शेजारच्या पायरीवर बसला. ऑक्टोबरचं ऊन, लोखंडी कठडा तव्यासारखा तापलेला. त्यांनी मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं. चौकोनाचौकोनांत पंचवीस मास्तर.

“हे सारे टाकीवरच हाय का?”

अगदीच चूक नव्हतं. एकाच्या मागे कडुलिंबाची फांदी हलत होती, एक जण मोटरसायकलवर बसून धुऱ्यावर होता.

तेवढ्यात साहेबांनी नेमकं मलाच विचारलं, “सर, आपल्या शाळेला डिजिटल पॅनल मिळालंय. काय अनुभव?”

माझा माईक चालू होता. उत्तर आबाजींनी दिलं. “सायब, टीव्ही लय मोठा देल्ला. पन लाईन नसते ना जी! पोट्टे त्याच्यात पाहून भांग पाडते. अन् सोयाबीनचं काय करता ते सांगा!”

पंचवीस चौकोनांतले वीस हसले. साहेबांनी “नेटवर्क इश्यू दिसतोय” म्हणत मला म्यूट केलं. दीड तासात खरं निदान तेवढंच झालं.

आबाजी खोटं बोलले नव्हते, हेच जास्त झोंबलं. लाईन नसताना त्या पासष्ट इंची काळ्या काचेत चेहरा फार स्वच्छ दिसतो. तरी दर शनिवारी ग्रुपवर पॅनलसह फोटो टाकावा लागतो, लोकेशन दिसेल असा. लाईन नसली की मी बंद पॅनलकडे बोट दाखवून उभा राहतो.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून मी रात्री तालुक्याच्या खोलीवर अपूर्णांकाचा व्हिडिओ उतरवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी चौथीची अकरा डोकी माझ्या मोबाईलवर वाकली. पडद्यावर भाकरीचे आठ तुकडे झाले, तीन उचलले गेले. एक पोरगी म्हणाली, “गुरुजी, उलटं चालवा नं.” मी मागे नेलं. तुकडे परत जुळले, भाकरी अख्खी झाली. तिने तसं चार वेळा करायला लावलं आणि मग पाटीवर न विचारता तीन छेद आठ लिहिलं. याचा फोटो नाही. मोबाईल तर पोरांच्या हातात होता, फोटो काढू कशाने?

उपस्थितीची लिंक शेवटी आली, मुदत दहा मिनिटं. तोवर खाली सरपंच, पोलीस पाटील आणि अर्धं गाव जमलेलं. त्यांची समजूत घालून मी पुन्हा पंचविसावी पायरी गाठली तेव्हा लिंक बंद झाली होती. रात्री ग्रुपवर यादी आली. माझं नाव लाल रंगात, पुढे ‘अनुपस्थित, खुलासा सादर करावा’.

खुलासा लिहून तयार आहे. ‘टाकीवर उपस्थित होतो’ असंच लिहिलंय. तोही पीडीएफ करून लिंकवरच चढवायचा आहे. आबाजींना सकाळीच सांगून ठेवलं. म्हणाले, “चढा तुमी, मी खालून कोनाले येऊ देत नाई. पन मागनी पक्की ठेवा.”