साडेसहा तासांत अमेरिका? मावशी, गोळ्या आधी पर्समध्ये ठेव

मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाली आहे. मुंबई ते न्यूयॉर्क, थेट विमान. काल फोनवर म्हणते, "गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्यात, डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली. साडेसहा तासांचा तर प्रवास!"

महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डची ही कृपा. म्हणे विमान रात्री १.३० ला सुटून सकाळी ८ ला पोचतं, म्हणजे साडेसहाच तास. सोळा तास हे भाडं उकळायला सांगतात. विमान मुद्दाम वाकड्या वाटेने नेतात. आणि पृथ्वी फिरतेच आहे, तेव्हा विमान नुसतं वर थांबलं तरी अमेरिका आपोआप खाली येईल!

अहो, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे सकाळचे ८ म्हणजे डोंबिवलीत संध्याकाळचे ५.३०. आता १.३० पासून बोटं मोजा. सोळा भरतात. अंतर जवळच्या वाटेनेही सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ते साडेसहा तासांत कापायचं तर ताशी १,९०० चा वेग हवा; प्रवासी जेट जातं ९०० च्या आसपास. काँकॉर्ड हे आवाजाहून वेगवान प्रवासी विमान तेवढ्या वेगाने उडायचं, तेही २००३ मध्ये बंद झालं. मावशीला मधुमेह आहे, दिवसातून तीनदा गोळ्या. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, अर्ध्या वाटेत कोणी काढून देत नाही. कोणती गोळी किती तासांनी घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायला हवं होतं. ते राहिलं बाजूला, फॉरवर्ड मात्र चौघींना पाठवून झालं.

वाकड्या वाटेचं म्हणाल, तर वाकडा आहे तो भिंतीवरचा नकाशा. माझ्या लेकीच्या पृथ्वीगोलावर मी मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला, तो पार नॉर्वेकडे वर चढला. नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सरळ रेषेने गेलं तर उलट दीड हजार किलोमीटर जास्त पडतात. बरं, कधीकधी वळसा पडतो, हे कबूल. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा लांबून जावं लागलंच. पण त्यात कंपनीचंच इंधन जळतं. लूट कसली?

राहिली फिरती पृथ्वी. ती हवेलाही सोबत घेऊन फिरते, नाहीतर गच्चीवरून उडालेलं कबुतर घरी परतलंच नसतं. शिवाय फॉरवर्डच्या हिशेबाने पश्चिमेला जाताना वेळ वाचायला हवा. प्रत्यक्षात न्यूयॉर्कला जातानाच जास्त लागतो, येताना कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. या वाऱ्यांच्या दिशेत पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढं मात्र देऊन टाकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान नेहमीची अटलांटिकची वाट सोडून पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, तरी वारा पाठीशी असल्याने साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी.

हे सगळं मावशीला सांगायला पाऊण तास गेला. गोळ्या पर्समध्ये आल्यात. लाडू बॅगेतच आहेत.