इंजेक्टर भंगारातले नव्हते, पण चूक आमचीच आहे

नमस्कार साहेब,

उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी रजिस्टर काढून तुमच्या गाडीचा कागद शोधला. तुम्ही लिहिलंय की आम्ही भंगारातले इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) पुसून बसवले, १४,४५० रुपये घेतले, गाडी दुसऱ्याच दिवसापासून न्यूट्रलला थडथडायला लागली, आणि फोन केला तर 'दोन दिवस चालवा, सेट होईल' म्हणून कटवलं. थडथडीचं आणि फोनचं खरं आहे. भंगाराचं नाही.

आधी आमची चूक. तुम्ही दुसऱ्या गॅरेजमधल्या स्कॅनरचा फोटो टाकलाय, तो मोठा करून बघितला आणि कपाळावर हात मारला. तुमच्या गाडीसारख्या कॉमन रेल इंजिनात चारही इंजेक्टरना 'रेल' नावाच्या एकाच नळीतून दाबाखालचं डिझेल मिळतं, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड असतो. हा इंजेक्टर ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त डिझेल सोडतो, ते गाडीच्या ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, त्या कोडवरून कळतं. म्हणून इंजेक्टर बदलला की त्याचा कोड स्कॅनरने भरावा लागतो. तुमच्या गाडीत ती यादी सिलिंडरच्या क्रमाने येत नाही, फायरिंग ऑर्डरने, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात त्या क्रमाने येते: १-३-४-२. आमच्या गॅरेजमधल्या मुलाने चारही कोड सरळ १-२-३-४ धरून भरले. पहिला बरोबर बसला, बाकीचे तिघे एकमेकांचे कपडे घालून बसलेत. फोटोत खाली दिसतंय ना, एका सिलिंडरला ईसीएम डिझेल वाढवतंय आणि दुसऱ्याचं कापतंय? ते त्यामुळेच.

गाडी देण्याआधी स्कॅनरवरचं ते पान मी स्वतः उघडलं असतं तर तिथेच सापडलं असतं. शनिवारची संध्याकाळ होती, तुम्हाला गडहिंग्लज गाठायची घाई होती. पण घाई तुमची असली तरी गाडी सोडायची की नाही, हे ठरवायचं काम आमचं. फोनवरचं उत्तर तर सरळ चुकीचं. ईसीएम थोडंफार शिकून घेतं हे खरं, पण चुकीचा कोड दोन दिवस सोडा, दोन वर्षं चालवून बरोबर होत नाही. मुलाला सांगितलंय, पुन्हा असं उत्तर द्यायचं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता इंजेक्टरचं. गाडी आली तेव्हा तक्रार होती, सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो. तुमच्यासमोरच चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (जास्तीचं डिझेल परत जातं त्या तोंडाला) सलाईनच्या नळ्या लावून बाटल्या टांगल्या होत्या, आठवत असेल. एक आणि चार नंबरच्या बाटल्या भरत आल्या, मधल्या दोघांच्या जेमतेम तळाला. म्हणजे एक आणि चारमधून डिझेल मागच्या मागे परत जात होतं, रेलला प्रेशर धरत नव्हतं, मग सकाळी इंजिन उचलणार कसं? २०१० ची, पावणेदोन लाखांवर किलोमीटर झालेली गाडी. चार नवीन इंजेक्टर म्हणजे पन्नास हजारांच्या वर, हे मी बोललो, आणि 'एवढे या गाडीत घालायचे नाहीत' हे तुम्ही बोललात. मग दोन जुने, तपासलेले बसवायचं ठरलं. मात्र बिलावर आम्ही नुसतं 'इंजेक्टर २ नग' लिहिलं. 'वापरलेले' हा शब्द लिहायला हवा होता. तोंडी ठरलेलं कागदावर नसलं की माणसाला शंका येणारच, त्यात तुमचा दोष नाही.

पण जुना म्हणजे भंगार नव्हे. आमच्या उद्यमनगरात जुना माल पुन्हा उभा करण्यावर कितीतरी घरं चालतात, आणि आत काय आहे ते बघितल्याशिवाय आम्ही बसवत नाही. इंजेक्टरची सुई आणि तिची वाट यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट असते. वरून कितीही चमकवा, आत झिजलेला असेल तर बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनवर, उघडा पडतो. तुमच्या गाडीत बसवलेले दोन्ही आधी अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुतले, मग बेंचवर लावले: लीक, फुल लोड, मधला लोड, आयडल आणि मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा पायलट फवारा. त्या पार्ट नंबरच्या टेस्ट प्लॅनमध्ये दिलेल्या मर्यादेत बसले म्हणूनच घेतले. त्यासाठी सहा इंजेक्टर तपासले होते, चार बाद केले. हे चार नग फुकट जातात म्हणून आमचा ४,५०० चा भाव बाजारातल्या दीड-दोन हजारांपेक्षा जास्त वाटतो.

बसवताना सीटवरचा कार्बन काढून चारही तांब्याचे वॉशर आणि रिटर्नचे ओ-रिंग नवे घातले. जुना वॉशर वाचवला तर पन्नास-साठ रुपये वाचतात आणि महिन्याभरात इंजेक्टरशेजारून फस्-फस् सुरू होते. डिझेल फिल्टर कापूनही बघितला. पंपातून धातूचा चुरा येत असता तर नवा इंजेक्टरही टिकला नसता. चुरा नव्हता.

तुमच्या जुन्या तीन नंबरचा पायलट अगदी काठावर पास आहे, तेव्हाही सांगितलं होतं. तो पुढे-मागे बदलावा लागेल.

त्या गॅरेजवाल्यांनी 'चारही गेलेत' म्हटलंय. कोड चुकीचे असताना स्कॅनरवर तसंच दिसणार, त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. एवढंच म्हणेन की कोड दुरुस्त होईपर्यंत नवीन चार घेऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे. कोल्हापूरला यायला जमत नसेल तर तिथल्याच गॅरेजमधून करून घ्या. बरोबर क्रमाने कोड आणि चौघांचे टेस्ट रिपोर्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर आजच पाठवलेत. त्यांची मजुरी मी देतो, आणि आमच्या बिलातले फिटिंग-कोडिंगचे १,८०० रुपयेही परत करतो. त्यानंतरही थडथडली तर गाडी घेऊन या, चारही काढून तुमच्यासमोर बेंचवर लावू. रविवारी बेंच बंद असतो.

तुमचे काढलेले दोन इंजेक्टर गाडीचा नंबर लिहून पिशवीत ठेवलेत. त्या दिवशी न्यायचे राहिले.