नको म्हणायचं बटण

गेले आठ महिने आम्ही पाच जण सांगली-मिरजेसाठी एक अ‍ॅप तयार करतोय. कुणाकडे अन्न उरलंय, कुणाकडे जास्तीचे कपडे आहेत आणि गावात कुणाला त्याची गरज आहे, याची गाठ घालून देणारं. कुठल्या स्क्रीनवर काय दिसेल, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. परवा मदत करणाऱ्या मंडळींबरोबर बैठक झाली आणि पहिल्या स्क्रीनवरूनच वाद झाला. तिथे मला नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बहुतेकांचं म्हणणं असं की अ‍ॅप उघडलं की समोर मोठं बटण हवं, 'दान करा'. माझं म्हणणं, अ‍ॅप उघडलं की आधी यादी दिसली पाहिजे. आज कुणाला काय हवंय त्याची. ती वाचून मग आपल्याकडे काय आहे ते माणसाने बघावं. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. माझ्यासाठी सगळं अ‍ॅप त्या फरकावर उभं आहे.

कारण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि कृष्णा तेव्हा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर राज्यभरातून ट्रक आले. ज्यांनी पाठवलं त्यांचे उपकार सांगली-कोल्हापूर विसरणार नाही, हे आधी मनापासून लिहिते. मी एका शाळेच्या हॉलमध्ये कपडे निवडायला बसत होते. ढीग माझ्या खांद्याला लागेल एवढा. गुंड्या तुटलेले शर्ट, चेन गेलेल्या पँटी, लग्नातला खड्यांचा घागरा, वापरलेली आतली वस्त्रं, एका पिशवीत नुसते टाय. धुतलेलं किती आणि न धुतलेलं किती ते वासावरूनच कळत होतं. साड्या मात्र खूप होत्या, आणि चांगल्याही होत्या. एक बाई दोन साड्या हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मी विचारलं, पसंत नाही का? त्या हळूच म्हणाल्या, "ताई, साड्या लई हाईत. पर परकर न्हाई. साडी खोचू कशात?"

त्या अख्ख्या ढिगात आम्हाला चार परकर सापडले.

पाठवणाऱ्या कुणाचाच हेतू वाईट नव्हता. त्यांनी कपाट उघडलं आणि जे नको होतं ते दिलं. त्या बाईंना काय हवंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 'दान करा' हे बटण माणसाला पुन्हा त्या कपाटापाशीच नेऊन उभं करतं. म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये 'जुने कपडे' असा प्रकारच नाही. तिथे लिहिलेलं असतं: परकर, सहा. चौथीतल्या मुलीचा गणवेश, एक. म्हाताऱ्या माणसाचा स्वेटर, पुढून उघडणारा, कारण हात वर होत नाही. त्यातलं तुमच्याकडे असेल तर द्या. आतले कपडे फक्त नवेच. बाकीचे धुऊन, वाळवून, गुंड्या आणि इलॅस्टिक तपासून, घडी घालून.

मग प्रश्न येतो, ही यादी भरणार कोण. ज्यांना गरज आहे ते अ‍ॅप डाउनलोड करून बसणार नाहीत. घरात एकच स्मार्टफोन, तो मुलाकडे, डेटा संपलेला. मिरजेत दवाखान्यांबाहेर थांबलेल्या नातेवाइकांपैकी बरेच जण विजापूर-बागलकोटकडचे, बोलणार कानडी. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाकडे चांगला फोन असतो, पण कोपीतल्या, म्हणजे टोळीच्या झोपडीतल्या, बाईला काय लागतं हे मुकादमाने ठरवावं असं मला अजिबात वाटत नाही. म्हणून घेणाऱ्यासाठी आम्ही अ‍ॅप ठेवलेलंच नाही, एक फोन नंबर ठेवलाय. मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, मराठी की कानडी ते निवडायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी आशाताई आहेत, अंगणवाडीच्या बाई आहेत, दवाखान्यासमोर चहाचा गाडा लावणाऱ्या मावशी आहेत. अ‍ॅपमध्ये त्यांना आम्ही 'दुवा' म्हणतो. नाव, गाव, आधार, उत्पन्न, रेशन कार्डाचा रंग, यातलं काहीही विचारायचं नाही. परकर मागणाऱ्या बाईला परकर का हवा, हा प्रश्नच नाही.

अन्नाचं गणित वेगळं आहे, आणि ते शिकताना माझ्या हातून एक चूक झाली. ती लपवावी असं मला वाटत नाही.

मागच्या लग्नसराईत आम्ही चाचणी घेतली. एका मंगल कार्यालयातून फोन आला, साठेक ताटांचा मसालेभात, भाजी, जिलेबी उरली आहे. आम्ही टोप घेऊन गेलो, सगळं भरून घेतलं, एका वस्तीत नेऊन वाढलं. लोक जेवले, आम्हाला समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयाची किल्ली आणि राहिलेला टोप परत द्यायला गेले, तर तिथे भांडी घासणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "काल तुमी समदं न्हेलं. आमची पोरं वाट बघत बसली व्हती." मला तिथे काही बोलता आलं नाही. कार्यालयात जे उरतं त्याला वाली आधीपासूनच आहेत. भांडी घासणाऱ्या बायका, वाढपी, वॉचमन, आचाऱ्याच्या हाताखालची पोरं. दिवसभर राबल्यावर घरी न्यायचा तो डबा त्यांच्या मजुरीतलाच भाग असतो, कागदावर कुठेही नसला तरी. आम्ही तो एका गरिबाच्या हातातून काढून दुसऱ्या गरिबाला दिला आणि त्याला अन्नदान म्हटलं.

आता अन्नाच्या फॉर्मवर पहिला प्रश्न हाच आहे: "इथं राबणाऱ्या माणसांचं बाजूला काढून झालं का?" 'हो' म्हटल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. बैठकीत एकाने हा प्रश्न अनावश्यक आहे, त्याने फॉर्म लांबतो, असं सांगितलं. बाकी सगळे प्रश्न गेले तरी चालतील, हा मी काढणार नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. कधी शिजलं? साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात शिजलेलं अन्न राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. भाताची काळजी तर जास्तच घ्यावी लागते. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, भात कोमट पडून राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उपाशी माणसाला काहीही चालतं, ही समजूत डोक्यातून काढलीच पाहिजे. त्याला जुलाब लागले तर त्याची दोन दिवसांची मजुरी जाते. त्यामुळे विस्तवावरून उतरून दोन तास झाले की आमच्याकडची नोंद आपोआप पुसली जाते. बासुंदी, दही घातलेले पदार्थ, चिरलेली फळं आम्ही घेतच नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, २०१९ चे नियम आहेत. पदार्थाचं नाव, कुठून आला, कधी केला, व्हेज की नॉनव्हेज, हे त्यात लिहायला सांगितलंय. अ‍ॅपमधून चिकटपट्टीवर तेवढंच छापून येतं. भाराभर कागदपत्रं नाहीत, पण एवढं पाळायलाच हवं.

इथे एक अडचण आली, जी ऑफिसात बसून कधीच कळली नसती. जेवणं साडेबाराला सुरू होतात आणि अन्न उरल्याचा फोन चार-साडेचारला येतो. तोवर सगळं वाया. यजमानाला त्या गडबडीत सुचत नाही, त्याचा दोषही नाही. मग एका आचाऱ्यांनीच सांगितलं, "अक्षता पडल्या की तासाभरात मला कळतं किती उरणार. मांडवातली डोकी बघून कळतं." म्हणजे हे अ‍ॅप यजमानाच्या फोनमध्ये असून उपयोग नाही, आचाऱ्याच्या फोनमध्ये हवं. आचाऱ्याचे हात तेलकट, पिठाचे. त्याला टाईप करायला लावायचं नाही. त्याच्या स्क्रीनवर तीनच मोठी चित्रं आहेत: भात, भाजी-आमटी, गोड. खाली ताटांचा आकडा. शेवटची पंगत बसायच्या आत त्याने तो दाबायचा आणि आमचा माणूस टोप घेऊन निघायचा. इतक्या महिन्यांत आमच्या कामाला सगळ्यात मोठा हात लागला तो या एका वाक्याचा.

घरात उरलेल्या दोन पोळ्या आम्ही घेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज आहे. हा आकडा वाईट आहे, पण त्यावर उपाय मापात शिजवणं हा आहे. माझं शिळं दुसऱ्याच्या ताटात वाढणं हा नाही. घरच्यांनी द्यायचं असेल तर यादी बघून ताजं करून द्यावं. मिरजेतून रोज येणारी मागणी फार साधी असते. पेशंटसाठी मऊ भात आणि बिनतिखट वरण. सोबतच्या माणसाला दोन ज्वारीच्या भाकरी. कढईभर पुलाव कुणीच मागत नाही.

कपड्यांकडे परत येते. आपल्याकडे बोहारीण आहेच. जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देणारी. लहानपणी आईची आणि तिची घासाघीस मी उंबऱ्यात बसून ऐकलेली आहे. कुठला कपडा अजून दोन वर्षं टिकेल, कुठला पुसायच्या फडक्याच्या लायकीचा, हे तिला चिमटीत धरून कळतं. आमच्याकडे कपडे निवडायला दोन बोहारणी येतात, रोज ठरवून, पैसे देऊन. त्यांचा धंदा हिसकावणारं अ‍ॅप मला करायचं नाही. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेच्या कामातून मी आणखी एक गोष्ट शिकले. गावाने विहीर, रस्ता, बांध असं आपलं काम करायचं आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. फुकट मिळालं असं कुणाला वाटत नाही. पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने 'कष्टाची भाकर' ही स्वस्त जेवणाची केंद्रं सुरू केली, तिथेही हमाल ना नफा ना तोटा दरात ताट विकत घेऊन जेवतो. आणि आपले गाडगेबाबा. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडायचे, मग भाकरी. भुकेल्याला अन्न आणि उघड्यानागड्याला वस्त्र द्या म्हणून ज्यांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितलं, त्यांना स्वतःला काम केल्याशिवाय घास गोड लागत नव्हता. ज्याला फुकट नको त्याच्यासाठी आमच्या कपड्यांना पाच-दहा रुपये किंमत लावायची सोय आहे. पुष्कळ बायका ती मागून घेतात.

फोटोचा वाद सगळ्यात कडवट झाला. देणाऱ्यांना पोहोचल्याचा पुरावा हवा. मी समजू शकते, फसवणुकीचे अनुभव आलेले आहेत. पण आमच्या अ‍ॅपमध्ये देताना कॅमेरा उघडतच नाही. तुम्हाला मेसेज येतो: १८ ताटं, मिरज, रात्री ८:४०. बस. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिलंय, आणि एकजण म्हणाले, मग संमती घेऊन काढू. वाढायच्या आधी विचारलेल्या प्रश्नाला भुकेला माणूस 'नाही' कसं म्हणेल? त्याच्या मुलीच्या वर्गातल्या कुणाच्या तरी घरी तो फोटो उघडला जाणार, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाणार. तिच्यासाठी मी ही गोष्ट सोडणार नाही. 'अन्नदाता' अशा पदव्या आणि सगळ्यात जास्त देणाऱ्यांची क्रमवारी, हेही मी काढून टाकलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की कोप्यांत बाळंतिणी असतात, तान्ही असतात. गोधड्या हव्या असतात. गोधडी देणाऱ्याचा कितवा नंबर लागला याचं तिथे काय काम.

आणि आता ते बटण. फोनवर घेणाऱ्याला पदार्थ आणि वेळ वाचून दाखवली जाते, मग दोन आकडे. एक दाबा, हवंय. दोन दाबा, नको. नको म्हटलं की पुढे एकही प्रश्न नाही, आणि पुढच्या वेळी त्याचा नंबर मागे जात नाही. बैठकीत विचारलं गेलं की गरजू माणूस नको कशाला म्हणेल. गुरुवार असतो, उपास असतो, रोज तोच मसालेभात खाऊन पोट बिघडलेलं असतं, किंवा नुसती इच्छा नसते. आपल्याला हे सगळं चालतं, मग त्याला का नाही.

मागच्या मंगळवारी मिरजेतून पहिल्यांदा कुणीतरी दोन दाबलं. नेमका तो फोन आमच्या कार्यकर्तीने ऐकला आणि तिने उलट फोन केला, चुकून दाबलं का हे बघायला. बागलकोटकडच्या बाई होत्या, नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणाल्या, जेवण नको, आज बऱ्याच जणांनी आणलंय. आठ दिवस झाले, अंघोळीला गरम पाणी कुठे मिळेल?

आमच्या यादीत तसा रकानाच नव्हता. काल तो घातला. अजून कुणी समोर आलेलं नाही. मिरजेत दवाखान्यांच्या आसपास राहणाऱ्या कुणाला सकाळी तासभर न्हाणीघर मोकळं ठेवता येत असेल तर खाली कळवा. बादल्या, साबण आणि गॅसचा खर्च आम्ही बघतो.